वाय-फाय स्विचवर टास्मोटा: बॅकअप घेतला, फर्मवेअर चढलं, रिले बाकी

स्मार्ट स्विचमधलं कंपनीचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) काढून तिथे टास्मोटा हे मुक्त फर्मवेअर घालतोय. सध्याची स्थिती: ईएसपी८२८५ ही वाय-फाय चिप, १ एमबी फ्लॅश मेमरी. मूळ फर्मवेअर उतरवून ठेवलंय, टास्मोटा बूट होतंय. टेम्प्लेट, म्हणजे कुठल्या पिनला रिले (वीज चालू-बंद करणारा भाग), कुठल्या पिनला बटण ही यादी, भरायचं बाकी आहे.

एका गोष्टीवर तडजोड नाही. केस उघडी असताना स्विच मेन्सला लावायचा नाही. अशा स्विचचा पॉवर सप्लाय बहुधा मेन्सपासून वेगळा (आयसोलेटेड) नसतो, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडवरही मेन्सचा व्होल्टेज असू शकतो. त्यात यूएसबी कन्व्हर्टर (लॅपटॉप आणि चिप यांना जोडणारा छोटा बोर्ड) जोडला तर लॅपटॉप जळेल, आणि जीवालाही धोका आहे.

बोर्डाला ३.३ व्होल्टच द्यायचे. पण कुठून, इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. कन्व्हर्टरवरच्या एफटी२३२आरएल चिपच्या स्वतःच्या ३.३ व्होल्ट पिनमधून जेमतेम ५० मिलिअँपिअर मिळतात आणि स्विचच्या चिपला वाय-फाय चालू होताना त्याच्या कितीतरी पट लागतात. मग चिप ओळखली जाते, पण लिहिणं मध्येच तुटतं आणि आपण केबलला दोष देत बसतो. इथे ५ व्होल्टवरून ३.३ करणारा एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर घेतला, पिनांजवळ १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला आणि सगळे ग्राउंड एकत्र केले. कन्व्हर्टरचा जंपरही ३.३ वर हवा, नाहीतर टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) पिनमधून ५ व्होल्ट थेट चिपमध्ये जातात.

कन्व्हर्टरचा टीएक्स चिपच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला) आणि आरएक्स टीएक्सला जोडायचा, चिपची जीपीआयओ० पिन ग्राउंडला लावून मगच वीज द्यायची. खात्री करायची तर सिरियल टर्मिनल ७४८८० बॉड (डेटाचा वेग) वर उघडा: बूट मोडच्या ओळीतल्या कंसात पहिला आकडा १ असेल तर फ्लॅशिंग मोड, ३ असेल तर नेहमीचं बूट. कन्व्हर्टरच्या डीटीआर-आरटीएस (चिप आपोआप रीसेट करणाऱ्या) पिना जोडलेल्या नसतील तर ईएसपीटूल या फ्लॅशिंगच्या प्रोग्रामच्या प्रत्येक कमांडनंतर हे पुन्हा करावं लागतं.

बॅकअप दोनदा घ्या. ११५२०० बॉडवर दीडेक मिनिट लागतं. दोन्ही फाइल बरोबर १०,४८,५७६ बाइटच्या हव्यात आणि त्यांचे एसएचए-२५६ (फाइलचा ठसा) जुळायला हवेत. जुळले नाहीत तर कुठेतरी वायर सैल आहे किंवा वीज अपुरी पडतेय, फ्लॅश इरेझ करू (पुसू) नका. (ही फाइल कुणाला पाठवू नका, तिच्यात वाय-फायचा पासवर्ड असू शकतो.)

इरेझनंतर शून्य पत्त्यावर लिहायचं, फ्लॅश मोड (चिप मेमरी वाचायची पद्धत) डीआउट. क्यूआयओ हा दुसरा मोड दिला तर पडताळणी यशस्वी दिसते, पण स्विच बूटच होत नाही. वायरिंग तपासण्यात वेळ घालवू नका, मोड बदलून पुन्हा लिहा.

पहिल्या बूटला टास्मोटा नावाचं नेटवर्क दिसतं, त्याला जोडून ब्राउझरमध्ये सेटिंगचं पान १९२.१६८.४.१ वर. फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय द्या.

पुढचे अपडेट हवेतून होतील, पण १ एमबीत दोन पूर्ण फर्मवेअर मावत नाहीत. आधी मिनिमल (टास्मोटाची छोटी आवृत्ती) चढवायचं, मग पूर्ण. त्याआधी कॉन्फिगरेशनची (सेटिंगची) डीएमपी फाइल उतरवून ठेवा.

टेम्प्लेट भरल्यावर ३.३ व्होल्टवर रिलेचा 'टक' आवाज आला नाही तर घाबरू नका, रिलेची कॉइल बहुधा ५ व्होल्टची असते. मल्टिमीटरने रिले चालवणाऱ्या जीपीआयओ पिनवर ० ते ३.३ बदलतंय का तेवढं पाहा.