तुम्ही विचारलंत म्हणून: बोंडअळीचे फोटो आणि खोक्यातला उजेड

"भाऊ, अळीचे फोटो कोणत्या कॅमेऱ्यानं काढता?" आमच्या राळेगावकडं पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं लागली की हे विचारणारा कोणीतरी भेटतोच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. कॅमेरा म्हणजे साधा मोबाईल. कमाल उजेडाची आहे आणि तो घरीच तयार होतो.

किराणा दुकानातून एक रिकामं खोकं आणा. दोन्ही बाजूंना आणि वरून मोठ्या खिडक्या कापा, त्यांवर बटर पेपर ताणून चिकटवा, आत पांढरा कार्डशीट मागून खालपर्यंत गोलसर वळवून सोडा, घडी पडू देऊ नका म्हणजे मागं रेघ दिसत नाही. बाहेरून दोन्हीकडं ९ वॉटचे एलईडी बल्ब. जुना तापणारा बल्ब कागदाजवळ अजिबात नको, पेट घेईल.

आता बटर पेपर कशाला, तर अळीची कातडी चकाकते, उघडा बल्ब लावला की पाठीवर पांढराफेक ठिपका पडतो आणि तेवढा रंग गेलाच समजा. मध्ये कागद आला की तो अख्खा कागदच दिवा होतो, आणि सेंटीमीटरभर अळीपुढं तो केवढा मोठा, मग सावली मऊ पडते, अंगावरच्या वळ्या न् वळ्या दिसतात. फक्त बल्ब कागदाला टेकवू नका, मधोमध तेवढंच गोल उजळतं. वीतभर लांब धरा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो आणि कमी उजेडात हात हलला की फोटो पुसट येतो हे खरं, पण मोबाईल विटेला टेकवून २ सेकंदांचा टायमर लावला तर भागतं.

रंगाच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकत नाही. गुलाबी बोंडअळी सुरुवातीला गुलाबी नसतेच, पहिल्या दोन अवस्थांत पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. पिवळ्या बल्बखाली पांढरी अळीसुद्धा रंगीत दिसते, आणि फोटो पाहून फवारणी ठरवणारा माणूस फसतो. म्हणून पाकिटावर ६५०० के (6500K, म्हणजे पांढरा उजेड) लिहिलेले, दोन्ही एकाच कंपनीचे बल्ब घ्या, खिडकी बंद ठेवा आणि आधी कोऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स लावून घ्या, म्हणजे पांढरा कोणता ते कॅमेऱ्याला कळतं.

फोटोत आडवे काळे पट्टे आले तर मोबाईल बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेरा पकडतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं बदलता येतात) शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद करा.

बोंडावरचं छिद्र दाखवायचं असेल तर एक बल्ब बंद करा, दुसरा खाली आणून तिरपा लावा, छिद्राची कड आणि भोवतीची विष्ठा लगेच उठून दिसते. डोमकळीला (आत अळी असलेलं, न उमललेलं फूल) मात्र दोन्ही बल्ब लागतात, नाहीतर मिटलेल्या पाकळ्यांच्या आत नुसता अंधार येतो. आणि बाजूला मोजपट्टी ठेवाच, कृषी सहायकाला फोटो पाठवल्यावर तो आधी अळीची लांबी विचारतो.