मामा, मायनिंग आणि चिंचोके

मामाला अजून वाटतं एमकॅप या डिजिटल नाण्याचा भाव कधीतरी वर येईल. एमकॅप म्हणजे काय ते पुण्यातल्या बऱ्याच घरांत सांगायला नको, ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत.

गेनबिटकॉइनची स्कीम ऐकायला एकदम सोपी. तुम्ही एक बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करतो, दर महिन्याला 10 टक्के असे 18 महिने, म्हणजे एकाचे 1.8. मामाला मायनिंग म्हणजे काय ते आजही सांगता येणार नाही, पण त्याला आणलं होतं ऑफिसातल्या जुन्या मित्राने आणि त्या मित्राच्या मोबाईलवर पेआउट खरंच येताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, झालं, अजून काय लागतं? पहिले काही महिने मामालाही आले, मग त्यानेच मावशीला जॉइन करून घेतलं, मग आईला विचारलं. आई म्हणाली मला सोनं कळतं, बाकी काही नको. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो तिला.

आता गणित बघा ना. मायनिंग म्हणजे कॉम्प्युटर लावून बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉक-ब्लॉकने नोंदवायचे आणि त्याबदल्यात नवे बिटकॉइन मिळवायचे. जुलै 2016 मध्ये एका ब्लॉकमागे मिळणारे बिटकॉइन 25 वरून 12.5 झाले, त्यात मायनिंग करणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला अजून कमी, मग बिटकॉइनमध्येच दर महिन्याला फिक्स 10 टक्के येणार कुठून, नव्या माणसाच्या खिशातूनच ना. 2017 मध्ये तर बिटकॉइन हजार डॉलरच्या आसपास होता तो डिसेंबरात 19 हजारांच्या वर गेला आणि त्याच वर्षी पेआउट एमकॅपमध्ये यायला लागले. नाणं त्यांचंच, भावही त्यांनीच सांगितलेला. बिटकॉइन घेतले, चिंचोके दिले.

2018 मध्ये पुणे पोलिसांनी गेनबिटकॉइन चालवणाऱ्या अमित भारद्वाजला पकडलं, 2022 च्या जानेवारीत तो वारला. आणि कहर म्हणजे तपासात मदतीला घेतलेले दोन सायबर एक्सपर्टच त्या वर्षी पोलिसांनी धरले, आरोप काय तर आरोपींचे बिटकॉइन स्वतःकडे वळवले. आता केस सीबीआयकडे आहे.

मामी कधीकधी जेवताना मुद्दाम विचारते, आज एका बिटकॉइनचा भाव काय हो? मामा ताटावरून उठतो.