कवडीपाटचे टिलवे आणि न पडलेलं ऊन

डिसेंबरातला शेवटचा रविवार. पहाटे साडेपाचला मी आणि धाकटा भाऊ पुण्यातल्या बिबवेवाडीहून निघालो. हडपसर ओलांडून सोलापूर रस्ता सोडला, डावीकडे वळलो आणि उजाडायच्या आत कवडीपाटला नदीकाठी पोहोचलो. सात वाजले, साडेसात वाजले, ऊन काही पडेना. वर ढग, खाली मुळा-मुठेवर धुकं. भाऊ म्हणाला, "ताई, आज फोटोचं विसर. चहा पिऊ आणि परत जाऊ."

माझा पाय निघेना. समोर टिलवे उतरले होते, काठाच्या चिखलात टिपणारे चिमुकले पक्षी. जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव. आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. इथे त्याच्या वाट्याला काय येतं, तर सांडपाण्याच्या फेसाशेजारचा चिखल आणि त्यातले किडे. दर वर्षी बघून पोटात तुटतं. फेस आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाळून देखणा फोटो काढणं मला पटत नाही. दिसतात तर दिसू देत.

माझी लेन्स १५०-६०० मिमीची झूम. पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही. सवयीने शटर १/१००० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, ३२०० ठेवला होता. सगळे फोटो काळपट आले. असे फोटो घरी उजळवायला गेलं की सावल्यांमधून दाणे वर येतात. त्यापेक्षा आयएसओ चढवून तिथेच नीट एक्स्पोजर घेतलेलं बरं. त्यात पांढरं धुकं कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतं, तो सगळं राखाडी करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवलं, आयएसओ ६४०० केला. तरी शटर १/२५० वरच अडलं, हलत्या पक्ष्यासाठी ते संथच.

मग कॅमेरा खाली ठेवून पक्ष्यांची चाल बघत बसले. कंठेरी चिखल्या तुरुतुरु धावतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा धावतो. थबकतो तेवढ्यात चार-पाच फ्रेम घेतल्या की एखादी तरी स्वच्छ निघते. शेकाट्याला फोकस करताना काळा पंख आणि पांढरं पोट जिथे भेटतात तिथे पॉइंट ठेवायचा, नाहीतर धुक्यात ऑटोफोकस भरकटतो. टिलव्याचं अवघड. त्याची चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर चालूच.

आठच्या सुमारास एक मावशी म्हशी घेऊन पाण्याकडे आल्या. म्हशी थव्याच्या मधून गेल्या, एकही पक्षी उडाला नाही. मी नुसती उठून उभी राहिले, तर टिटवीने सगळा काठ जागा केला.

"बाई, बसा की खाली," मावशी म्हणाल्या. "उभ्या माणसाला भितात ती."

लेन्स टेकवायला आणलेली मूग भरलेली पिशवी चिखलात टाकली, तिच्यावर लेन्स ठेवली आणि पोटावर आडवी झाले. पाऊण तास हलले नाही. टिलवे टिपत टिपत आपणहून जवळ आले. पाठीवरच्या पिसांच्या फिकट कडा दिसू लागल्या, काळ्या पायांना लागलेला चिखलही. एकाने मान वर करून आभाळाकडे एक डोळा लावला. चोचीच्या टोकाला थेंब लोंबत होता. शटर १/१६०. श्वास धरून बटण दाबलं.

थेंब पडायच्या आतली एक फ्रेम स्वच्छ आली आहे. मागे प्लास्टिकची निळी पिशवी धूसर दिसते.