टोल्युइनचं वय

स्वारगेटच्या चौकातली हवा जुनी आहे, असं माझा आलेख सांगत होता. सिग्नलला थांबलेल्या रिक्षा, पीएमपीच्या बस, दुचाक्या, सगळ्यांच्या धुरात उभं राहून मी स्टीलचा कॅनिस्टर भरला होता. पेट्रोलच्या धुरातून हवेत येणारं टोल्युइन हे रसायन तिथे ताजंच असणार. आकडा मात्र ते दिवसभर उन्हात फिरून आल्याचा.

कार्बनचे ९८.९ टक्के अणू १२ वजनाचे, बाकीचे बहुतेक सगळे १३ वजनाचे. उन्हात हवेत तयार होणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे फार क्रियाशील असा रेणूचा तुकडा, टोल्युइनसारख्या हायड्रोकार्बनवर तुटून पडतो तेव्हा हलक्या कार्बनचे रेणू किंचित लवकर संपतात, उरलेल्यात जड कार्बन वाढतो; म्हणून जितकं जड, तितकं जुनं. टोल्युइनच्या बाबतीत हा फरक हजारात सहाच्या आसपास. निम्मं टोल्युइन संपलं की डेल्टा, म्हणजे ठरलेल्या मानकाशी ताडून पाहिलेलं जड कार्बनचं प्रमाण, साधारण ४ पर मिलने (हजारात चारने) चढतो. नुसतं प्रमाण मोजलं, तर ते स्वच्छ हवा मिसळून घटलं की खरंच रासायनिक क्रियेत संपलं, हे कळत नाही. स्वच्छ हवेने डेल्टा हलत नाही. या पद्धतीवर माझा जीव जडला तो इथेच.

नमुना लिक्विड नायट्रोजनने थंड केलेल्या नळीत धरायचा, जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) एकेक घटक सुटा करायचा, तापलेल्या कॉपर ऑक्साइडवर जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याच्या ४४, ४५, ४६ वजनांच्या रेणूंचे प्रवाह मोजायचे. आकडा चुकतोय म्हणून तीन आठवडे मी यंत्रात गळतीच शोधत बसले. व्हॉल्व्ह बदलले, फिटिंग पुन्हा आवळली. स्क्रीनवर प्रत्येक घटकाचा एक उंचवटा उमटतो, त्याला पीक म्हणतात. शेवटी मॅडम स्क्रीनजवळ खुर्ची ओढून बसल्या. "अगं, पीकची शेपटी बघ ना."

जड रेणू जीसीच्या लांब नळीतून, कॉलममधून, क्षणभर आधी बाहेर पडतात. त्यामुळे ४५ (जड कार्बनचे रेणू) आणि ४४ च्या गुणोत्तराची रेघ आधी वर उसळते, मग खाली बुडते. माझ्या टोल्युइनच्या शेपटीला शेजारचा एक बारीक पीक चिकटला होता आणि सॉफ्टवेअरने शेपटी तिथेच छाटली होती. हलका कार्बन सगळा त्या शेपटीत! तो वगळला गेला, आकडा जड झाला.

ओव्हनचं तापमान सावकाश चढवलं, पीक सुटे झाले. आता प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर माहीत असलेलं टोल्युइन चालवते. स्वारगेटचा आकडा पेट्रोलच्या वाफेजवळ आला त्या संध्याकाळी मी घरी फोन करून आईला सांगितलं.

सिंहगडावर दुपारी भरलेला नमुना स्वारगेटपेक्षा जड निघाला. मला हवं होतं तेच, पण गळीत हंगाम चालू होता. ऊस सी-फोर वनस्पती, म्हणजे जड कार्बन तुलनेने जास्त धरणारी; त्याचा डेल्टा उणे १२ च्या आसपास. पेट्रोलचा उणे २७ च्या. पाचटाच्या धुरातलं टोल्युइन मुळातच जड. गडावरचं टोल्युइन जुनं होतं, की त्यात फडातला धूर होता? गेल्या आठवड्यात दौंडकडे जाऊन पेटलेल्या फडाच्या बांधावर कॅनिस्टर भरला. तो उद्या सकाळी लावायचाय.