आईंची बँकॉकची वही

मंगळवार, 24 डिसेंबर 2024, बँकॉक

इथले साडेअकरा, म्हणजे आपले रात्रीचे दहा. मुलं झोपली, नवराही झोपला. आई (सासूबाई) शेजारच्या पलंगावर चष्मा लावून काहीतरी लिहितायत.

मुलांना नाताळची सुट्टी, नवऱ्याची शिल्लक राहिलेली रजा आणि व्हिसाची कटकट नाही, एवढ्यावर ही सहल ठरली. तीन रात्री बँकॉक, तीन रात्री हुआ हिनला समुद्रावर. आई यायलाच तयार नव्हत्या. "मला काय कळणार तिथलं? तुम्ही फिरा, मी घर सांभाळते," हे महिनाभर ऐकत होते. त्यात मार्गशीर्ष. एरवी मासे खाणाऱ्या आई या महिन्यात अंड्यालाही शिवत नाहीत, आणि आम्ही निघालो होतो माशांच्या देशात. शेवटी धाकट्याने "आजी नाही तर मी पण नाही" म्हणून भोकाड पसरलं, तेव्हा त्यांनी बॅग भरली. मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, भाजणी आणि शंभर पानी वही.

आई दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवत होत्या. वही घेतल्याशिवाय त्या बाजारातसुद्धा जात नाहीत.

विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत त्यांनी पहिला शब्द लिहिला. विमानतळाचं नाव 'सुवर्णभूमी'. लिहिताना सुवर्णभूमीच, पण इथली माणसं म्हणतात 'सुवन्नफूम'. आईंनी पुढच्या मुलीला दोनदा म्हणायला लावलं आणि मला म्हणाल्या, "अगं, शेवटचं गिळतात फक्त. शब्द आपलाच आहे."

बुधवार, 25 डिसेंबर

आज माझं चुकलं. ते आधी लिहून टाकते.

मी वेळापत्रक करून आणलं होतं. सकाळी राजवाडा आणि पाचूचा बुद्ध, मग वाट फो ('वाट' म्हणजे देऊळ), नावेतून पलीकडे वाट अरुण, संध्याकाळी मॉल. सगळं एका दिवसात, कारण परवा समुद्रावर जायचं. राजवाड्यात गर्दीने जीव नकोसा झाला, तरी तिथल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकथेची चित्रं आहेत, 178 चौकटींची, ती आई सोडेनात. पांढरा हनुमान आपल्या शेपटीचा पूल करून सैन्याला वाट देतोय असं चित्र पाहून धाकटा तिथेच बसला. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही, हे मी मुलांना आणि आईंना, दोघांनाही सांगितलं नाही.

वाट फोला निजलेला बुद्ध आहे. 46 मीटर लांब, 15 मीटर उंच. आकडा ऐकून काही वाटत नाही. आत गेलं की खांबांच्या मधून आधी नुसता सोनेरी गाल दिसतो, मग खांदा, मग कोपर, आणि चालत राहिलं की शेवटी पावलं. तळव्यांवर शिंपल्यांच्या चकाकत्या तुकड्यांनी 108 शुभचिन्हं जडवलीयत. पाठीमागच्या बाजूला 108 काशाची भांडी ओळीने मांडलेली, त्यात एकेक नाणं टाकत जायचं. टिण्, टिण्, टिण्. आईंनी मोजत टाकली. मध्ये कोणी धक्का दिला तर थांबायच्या, मग पुन्हा. शेवटच्या भांड्याला नाणी बरोबर पुरली. "जपमाळ झाली," म्हणाल्या.

वाट अरुणला पोचलो तेव्हा दुपारचे दोन. डिसेंबर असूनही ऊन डोक्यात जात होतं. आपला सूर्याचा सारथी अरुण, त्याच्या नावाचं देऊळ. नदीच्या पश्चिम काठावर. लांबून करडं दिसतं, जवळ गेल्यावर कळतं की सगळा मनोरा चिनी मातीच्या बशांच्या तुकड्यांनी मढवलाय. फुलांच्या पाकळ्यासुद्धा फुटक्या बशीच्या. आई एका पायरीवर टेकल्या आणि वही काढली. मुलं "कधी जायचं मॉलला" म्हणून मागे लागलेली, नवरा तिकिटं शोधत होता. आणि मी तोडून बोलले, "आई, फोटो काढून घ्या ना, घरी जाऊन लिहा. इथे वेळ नाहीये."

त्यांनी काही न बोलता वही मिटली. पेनाचं टोपण लावलं. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. नावेत, टॅक्सीत, मॉलमध्ये वही बाहेर आली नाही.

साठ-पासष्ट मुलांना अक्षर लावून देणाऱ्या बाईला मी लिहू नका म्हणाले.

गुरुवार, 26 डिसेंबर

सकाळी उठल्याबरोबर आजचा वॉटरपार्क रद्द केला. मुलं रुसली, पण तासभरच. आईंना म्हटलं, आज तुम्ही म्हणाल तिकडे. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "उन्हाने होतं गं तसं. चहा घे."

आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि वर सफला एकादशी. म्हणजे दुहेरी उपवास. बँकॉकमध्ये उपवास कसा होणार, ही माझी महिनाभराची काळजी. तो इतका सुंदर होईल असं वाटलं नव्हतं. चतुचक बाजाराच्या जवळ ऑर तॉर कॉर नावाची मंडई आहे, तिथे गेलो. फळं अशी मांडलेली की हात लावायला भीती वाटावी. मँगोस्टीनचं जांभळं कवच दाबून फोडलं की आत लसणाच्या पाकळ्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र फोडी. पेरू, पोमेलो, शहाळी. आणि एका बाईकडे चक्क भाजलेली रताळी आणि उकडलेल्या शेंगा! आईंनी रताळं हातात घेऊन वास घेतला, कोळशाचा. "आमच्या चुलीतलं," म्हणाल्या. त्या बाईंनी पैसे घेताना हात जोडले, आईंनीही जोडले.

इतर दिवसांची सोयही अशीच झाली. इथे पिवळ्या पाटीवर लाल रंगात 17 आकड्यासारखं दिसणारं एक अक्षर असतं. त्याचा उच्चार 'जे'. ते दिसलं की डोळे झाकून जेवायचं. मांस-मासे, अंडी, दूध नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. चिनी बौद्धांच्या व्रताचं हे जेवण. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाला याहून काय हवं? बाकी ठिकाणी मात्र भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतोच, त्यासाठी 'माय साय नाम प्ला', म्हणजे तो घालू नका, एवढं पाठ करून ठेवलंय.

दुपारी हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी आणि आई यांची शाळा भरली. मी नुसती दुभाषी. आईंनी विचारलं, गुरुवारला काय म्हणता? ती म्हणाली, 'वान फ्रुहत्साबोदी'. आईंनी दोनदा पुटपुटलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. "बृहस्पती!" मग सगळे वार निघाले. सोमवार 'चान', चंद्र. मंगळवार 'आंगखान', अंगारक. बुधवार 'फुत', बुध. शुक्रवार 'सुक'. रविवार 'आथित', आदित्य. जेवण म्हणजे 'आहान', आहार. फोन म्हणजे 'थोरसप', दूर आणि शब्द. त्यांचं नवं वर्ष 'सोंगक्रान', आपली संक्रांत, फक्त सूर्य मेषेत जातो तेव्हाची, एप्रिलमधली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर साल 2567, बुद्धाच्या निर्वाणापासूनचं. महिनेसुद्धा राशींचे, जानेवारी म्हणजे मकर, फेब्रुवारी म्हणजे कुंभ.

आई शिक्षिका होत्या हे मी सांगितलं, तर ती मुलगी काउंटरमागून बाहेर आली आणि वाकून हात जोडले. शिक्षकाला इथे 'ख्रू' म्हणतात. गुरू. शाळांमध्ये गुरुवंदनेचा दिवस असतो, आणि तो शक्यतो गुरुवारी करतात, बृहस्पती देवांचा गुरू म्हणून. आज गुरुवारच! आई काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत बसल्या.

मग तिने बँकॉकचं पूर्ण नाव म्हणून दाखवलं. ही मंडळी आपल्या शहराला बँकॉक म्हणतच नाहीत, 'क्रुंग थेप' म्हणतात, देवांचं नगर. 1782 मध्ये राजधानी झाली तेव्हाचं नाव भलतंच लांबलचक. महानखॉन, अमॉन, रत्तन, महिन्थरा, अयुत्थया... आई मागोमाग म्हणत होत्या, महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या. शेवटी येतं की हे इंद्राने दिलं आणि विश्वकर्म्याने उभारलं. आईंची तीन पानं भरली.

शुक्रवार, 27 डिसेंबर, हुआ हिन

आगगाडीने आलो. टॅक्सीने लवकर झालं असतं, पण आईंना गाडी हवी होती. सकाळी मेट्रोतच त्यांनी धाकट्याला घोषणा शिकवली होती, 'सथानी तॉ पय', पुढचं स्थानक. मग दिवसभर गाडीत प्रत्येक स्टेशनाला दोघांचा जप.

हुआ हिनचं नवं स्टेशन उंचावर आहे, खाली जुनं लाकडी जपून ठेवलंय, लाल आणि फिकट पिवळं, राजाच्या प्रतीक्षागृहासकट. रेल्वे आली आणि राजघराणं इथे हवा खायला येऊ लागलं. 1932 मध्ये बँकॉकमध्ये क्रांती झाली तेव्हा सातवा राम राजा इथल्याच वाड्यात होता. वाड्याचं नाव 'क्लाय कांगवॉन', चिंतेपासून दूर.

रिसॉर्टमध्ये पोचल्यावर कळलं की समुद्राकडची म्हणून पैसे भरलेली खोली मागच्या बाजूला, गाड्या लावतात तिकडे तोंड करून आहे. तासभर वाद घातला, काही उपयोग झाला नाही. मन खट्टू झालं. आई म्हणाल्या, "समुद्र चार पावलांवर आहे ना? मग चालत जाऊ."

शनिवार, 28 डिसेंबर

काही केलं नाही. मुलं पाण्यात, नवरा वाळूत. घोडे येऊन गेले. पाणी जरा उसळलेलं होतं.

रात्री समुद्रावर लांब हिरव्या दिव्यांची रांग दिसली. मला वाटलं कुठलंतरी बेट असेल. आई एका नजरेत म्हणाल्या, "माकुलवाले आहेत. दिव्याला माकूल वर येतं." माकूल म्हणजे स्क्विड. खरंच तसं होतं. आज चार दिवसांत पहिल्यांदा त्या हर्णे बंदराबद्दल बोलत बसल्या. लिलाव, बैलगाड्या, शाळेत उशिरा येणारी मुलं, त्यांच्या दप्तराला येणारा सुकटीचा वास. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली.

रविवार, 29 डिसेंबर

सहा वाजता आईंनी खांद्याला हात लावला. "येतेस?"

बाकीचे गाढ झोपलेले. आम्ही दोघी चपला हातात घेऊन वाळूत गेलो. गार वारा. एक भिक्खू अनवाणी, भिक्षापात्र घेऊन किनाऱ्याने चाललेले. आकाश आधी करडं, मग खाली एक लालसर पट्टी. आई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला वाटलं, रोजचा समुद्र बघितलेलं माणूस, यात नवीन काय.

पावणेसात वाजत आले तेव्हा पाण्यातून तांबडी कड वर आली. आईंनी माझा दंड घट्ट धरला.

"अगं, हा पाण्यातून उगवतोय!"

तेव्हा लक्षात आलं. आमच्या कोकणात सूर्य डोंगरामागून येतो आणि समुद्रात बुडतो. एकाहत्तर वर्षं त्यांनी त्याला पाण्यात जाताना पाहिलाय. हुआ हिनचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, हे मला नकाशावरून माहीत होतं. त्याचा अर्थ त्यांच्यासाठी काय, हे कधी डोक्यात आलं नाही.

पूर्ण वर येईपर्यंत त्यांनी दंड सोडला नाही. मग ओंजळीत पाणी घेऊन अर्घ्य दिलं, साडी पोटरीपर्यंत भिजली तरी मागे सरल्या नाहीत. वाळूत बसून वही काढली. मी ती वाऱ्याने उडू नये म्हणून पानाची कड धरून ठेवली. त्यांनी लिहिलं: 'वान आथित. आदित्यवार. सकाळी 6.45. समुद्रातून.'

परत आलो तर धाकटा दारातच उभा, डोळे चोळत. मला का नाही उठवलं म्हणून रडकुंडीला आलेला. उद्या संध्याकाळी निघायचं, म्हणजे एक सकाळ हातात आहे. पाचही जणांसाठी पावणेसहाचा गजर लावलाय.