घडीचे छप्पर आणि चुकलेला कोन: कागदी मॉडेल करतानाचा माझा अनुभव

वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी एका आठवडी बाजाराची इमारत आखली होती. तिची रुंदी १२ मीटर आणि लांबी २४ मीटर होती, आणि आत एकही खांब नव्हता. भिंत आणि छप्पर वेगळे न ठेवता एकच चुणीदार पृष्ठभाग जमिनीतून उभा चढावा, दोन्ही बाजूंनी ३० अंशांच्या उताराने माथ्यावर मिळावा आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकावा, अशी कल्पना होती. पॅरिसमधील युनेस्कोच्या सभागृहात ब्रॉयर, नेर्व्ही आणि झेरफ्यूस या रचनाकारांनी १९५८ साली काँक्रीटच्या भिंतींना आणि छताला अशाच चुण्या दिल्या आहेत, आणि स्वित्झर्लंडमध्ये साँ-लू येथे २००८ साली उभ्या राहिलेल्या लहानशा प्रार्थनागृहात हेच काम लाकडी फळ्यांनी केले आहे. पातळ वस्तू केवळ दुमडल्याने ताठ होते, ही गोष्ट या दोन्ही इमारतींच्या छायाचित्रांतून माझ्या मनात पक्की बसली होती. म्हणून १:५० प्रमाणातील मॉडेल तुकडे चिकटवून न करता एकाच अखंड कागदातून घडवायचे, असे मी ठरवले.

रचना वरवर सोपी होती. कागदावर समांतर चुण्या पाडायच्या आणि त्यांना तीन ठिकाणी नागमोडी घडीने आडवे छेदायचे. भिंतीकडून उताराकडे, माथ्यावर, आणि उताराकडून पलीकडच्या भिंतीकडे, अशी ६० अंशांची तीन वळणे मिळून १८० अंश होतात. चुणी पूर्ण मिटलेली असताना नागमोडी रेघ चुणीशी जितका कोन करते त्याच्या दुप्पट वळण मिळते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे ६० अंशांसाठी ३० अंशांचा कोन धरून मी पहिला नमुना आखला.

तो उभा केला तेव्हा भिंती सरळ राहण्याऐवजी दोन्हीकडे बाहेर कलल्या. आधी मला वाटले की घड्या नीट दाबल्या गेल्या नाहीत, म्हणून प्रत्येक कड पुन्हा दाबली, तरीही कल तेवढाच राहिला. कोनमापक लावल्यावर तो सुमारे २३ अंश भरला. मग कागद बाजूला ठेवून मी त्रिकोणमिती करायला बसलो आणि चूक सापडली. दुपटीचा नियम फक्त मिटलेल्या चुणीला लागू पडतो. छप्पर म्हणून वापरताना चुणी उघडी असते, आणि ती जितकी उघडी तितके वळण कमी. अर्ध्या वळणाची टॅन किंमत म्हणजे पट्टीच्या, म्हणजे दोन सरळ घड्यांमधल्या सपाट भागाच्या, उताराची साइन किंमत गुणिले घडीच्या कोनाची टॅन किंमत, असे ते नाते आहे. माझ्या पट्ट्यांचा उतार ४५ अंश होता, त्यामुळे ३० अंशांच्या घडीने प्रत्येक ठिकाणी ६० ऐवजी साधारण ४४ अंशच वळण मिळत होते. त्या कागदावर भिंती उभ्या करायच्या झाल्या, तर चुण्या पूर्ण मिटवणे हाच एक उपाय होता, म्हणजे छप्परच उरले नसते.

हे नाते उलटे सोडवले, तेव्हा हवा असलेला कोन ३९.२ अंश निघाला. माझ्या मते या कामातला सगळा अभ्यास या एका आकड्यात आहे. उघडलेल्या स्थितीतला उतार आधी ठरवल्याशिवाय सपाट कागदावर एकही रेघ मारू नये. पट्टी २ सेंटिमीटर रुंद धरली, तर ४५ अंशांत ती जमिनीवर १.४१ सेंटिमीटर झाकते. ४८ सेंटिमीटर लांबीसाठी ३४ पट्ट्या, म्हणजे ६८ सेंटिमीटर कागद लागतो. दुसऱ्या दिशेला दोन भिंतींचे १०-१० आणि दोन उतारांचे १३.९ असे ४७.८ सेंटिमीटर होतात. २२ × २८ इंचांच्या आयव्हरी कार्डात (गुळगुळीत जाड कागदात) हे सारे नेमके बसले, याचा मला फार आनंद झाला.

कार्डाबद्दल खरी मदत झाली ती लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमधल्या काकांची. माझ्या ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) नमुन्यावर घडीच्या कडेला पांढरे तडे गेले होते. ते पाहून काका म्हणाले, "कागदाचे तंतू कुठल्या दिशेला आहेत ते आधी बघा. एक पट्टी ओली करा, ती ज्या दिशेच्या भोवती वळेल तीच तंतूंची दिशा." चुण्या तंतूंना समांतर ठेवून २१० जीएसएमचे कार्ड घेतल्यावर तडे थांबले.

लेझरने अर्धवट कापून घेण्याचा प्रयोग मी एकदा केला. कडा तपकिरी झाल्या आणि रेघांच्या छिद्रांतून उजेड दिसू लागला. अखेरीस स्टीलची पट्टी आणि शाई संपलेले बॉलपेन यांनीच खाचा पाडल्या. खाच घडीच्या बाहेरच्या अंगाला हवी. नागमोडी रेघा सगळ्या डोंगरघडीच्या (वर उचललेल्या घडीच्या) असल्या, तरी सरळ चुणी प्रत्येक वळणावर डोंगरघडीची दरीघडी (आत गेलेली घडी) होते; त्यामुळे रेघांच्या एकूण २३४ तुकड्यांपैकी १६८ पुढून आणि ६६ मागून ओढावे लागले. मागची बाजू जुळावी म्हणून रेघा मिळतात त्या ९९ बिंदूंवर टाचणीने भोके पाडली. या भोकांमुळे चार घड्या मिळतात त्या जागी कागद फाटण्याचेही टळले.

घडी घालताना घाई चालत नाही. एक चुणी पूर्ण मिटवून दुसरीकडे जावे, तर पहिली उघडते, कारण सगळे कोन एकमेकांना बांधलेले असतात. प्रत्येक रेघ आधी सुटी मोडून घेतली, आणि मग मैत्रिणीने एक टोक धरले असताना पूर्ण कागद हळूहळू, थोडा थोडा करून गोळा केला. त्याला अडीच तास लागले.

पुण्यात तेव्हा ऑगस्टचा पाऊस होता. रात्रभरात कार्डाने दमट हवा शोषली आणि सकाळी मॉडेल ४८ वरून ५१ सेंटिमीटरपर्यंत पसरलेले दिसले. भिंतीही पुन्हा कलल्या होत्या. पण पसरणे आणि कलणे एकाच नात्याने बांधलेले असल्यामुळे उपायही एकच पुरला. सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या फळीच्या) तळावर १.४१ सेंटिमीटरच्या अंतराने नागमोडी खाचा कापल्या आणि भिंतींचे पाय त्यांत फेव्हिकॉलने बसवले. पाय जागेवर येताच भिंती सरळ झाल्या. दोन्ही टोकांच्या मोकळ्या कडा मात्र तरीही किंचित लवत होत्या, म्हणून तिथे आतून माउंट बोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) एकेक पट्टी चिकटवली.