सातवी बकुळ

साइट मीच सुचवली होती, हे आधी सांगून टाकते. मला कोणी अडकवलं वगैरे नाही.

2025 च्या जानेवारीतली गोष्ट. बडोद्यातल्या आम्हा लँडस्केपवाल्यांसाठी, म्हणजे बागा-झाडांची आखणी करणाऱ्यांसाठी, दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, विषय शहरातल्या झाडांची मुळं. शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. साठीच्या आसपासचं वय, पायात कॅनव्हासचे बूट, झोळीत दोन खुरप्या आणि रंगवायचा जुना ब्रश. पहिल्या पाच मिनिटांतच सगळे त्यांना ताई म्हणायला लागले. दुपारच्या सत्रासाठी आयोजकांना दहा-बारा वर्षांची, रांगेत लावलेली झाडं हवी होती. मी हात वर केला. म्हटलं, भायलीच्या बाजूला माझी एक सोसायटी आहे. मुख्य रस्त्याला 38 बकुळी, 2012 च्या पावसाळ्यात लावलेल्या. चारचौघांनी आपलं काम बघावं, ही हौस होतीच मनात.

आमच्या धंद्यात अशा प्रशिक्षणाला जायची सक्ती नसते. इंग्लंडात लँडस्केप इन्स्टिट्यूटच्या सदस्यांना वर्षाला किमान 25 तास शिकल्याचा हिशेब ठेवावा लागतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तास भरल्याशिवाय परवाना पुढे चालू राहत नाही. आपल्याकडे आर्किटेक्टांसाठी 1972 चा कायदा आहे, पण लँडस्केप आर्किटेक्ट असा वेगळा परवानाच नाही; मग नूतनीकरण कशाचं करणार? त्यामुळे येतात ते नवीन पोरं सर्टिफिकेटसाठी आणि माझ्यासारखी जुनी खोडं जेवणासाठी. मास्टर्स करून मला वीसेक वर्षं झाली. त्यानंतरचं माझं 'शिक्षण' म्हणजे ठिबकवाल्या नाहीतर फरसबंदीचे ब्लॉक विकणाऱ्या कंपन्यांची सादरीकरणं. त्यात शिकण्यासारखा एक समोसाच असतो.

सकाळचं सत्र कमाटी बागेत होतं. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये विश्वामित्रीच्या काठी केलेली बाग. दांडिया बाजारात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ती घरच्या अंगणासारखी. फुलांचं घड्याळ, झुकझुक गाडी, म्युझियम, सगळं पाठ. ताईंनी त्यातलं काहीच दाखवलं नाही. एका जुन्या चिंचेखाली उभं केलं आणि म्हणाल्या, "वर बघू नका. झाडाचे पाय बघा."

बुंधा जमिनीजवळ येताना पसरत जातो. हत्तीच्या पायासारखा म्हणा, किंवा उपड्या कर्ण्यासारखा. तिथून मुळं निघतात आणि बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फूट मातीतच आडवी पसरतात, पानांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर. हे कॉलेजात शिकवलं होतं की नव्हतं, आठवत नाही. परीक्षेत आलं नसणार. ताई म्हणाल्या, हा पसारा दिसलाच पाहिजे. बुंधा खांब रोवल्यासारखा सरळ मातीत शिरत असेल तर समजायचं, झाड गळ्यापर्यंत पुरलंय. मुळांना हवा लागते, आणि ती वरच्याच मातीत असते. बुंध्याची साल मात्र ओल्या मातीत राहण्यासाठी नसते, ती कुजते.

मी वहीत लिहून घेतलं, 'खांब = वाईट'. तेव्हाही डोक्यात काही पेटलं नाही.

दुपारी अडीचला सोसायटीत पोचलो. सेक्रेटरी काका गेटवर उभेच होते. निवृत्त बँकवाले, कोकणातले, पण तीन पिढ्या बडोद्यात, त्यामुळे मराठी बोलता बोलता "चालो, चालो" करत पुढे निघतात. गेटजवळचे दोन गुलमोहर 2024 च्या ऑगस्टातल्या पावसात आडवे झाले होते, त्या खळग्यांत आता कण्हेर होती. काकांनी तेव्हा फोन केला होता. मी म्हटलं होतं, "काका, शहरभर पाणी भरलंय, वारं सुटलंय, झाडं पडणारच." उपटलेल्या मुळांचा फोटो त्यांनी पाठवला होता. मुळांचा गोळा कुंडीतून काढल्यासारखा गोल. मी तो फोटो बघितला आणि अंगठा पाठवला.

बकुळीच्या रांगेशी आलो. बारा उन्हाळे-पावसाळे काढलेली झाडं, उंची जेमतेम अकरा फूट. लावताना आठ फूट होती. बकुळ सावकाश वाढते हे खरं, पण इतकी? शेंडे विरळ, पानं पिवळट. माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं, गेली आठ वर्षं देत आलेलं: बोअरचं पाणी खारट, आणि माळी पाणी नीट देत नाही.

ताई रांगेतून सावकाश चालत गेल्या. सातव्या झाडापाशी थांबल्या. मीही खाली बघितलं.

खांब.

मागे वळून पाहिलं, सहावी खांब. पुढे आठवी खांब. अडतीसच्या अडतीस, विजेच्या खात्यानं रोवल्यासारख्या.

"इथं उघडू या," म्हणून ताई मांडी घालून बसल्याच. खुरपीनं आळ्यातली माती सैल करायची, हातानं उचलून घमेल्यात टाकायची, बुंध्याजवळ आलं की ब्रश. बाहेरदेशी हे काम दाबाच्या हवेनं करतात, मुळाला ओरखडा न जाता माती उडून जाते. आमच्याकडे ब्रश होता. चार इंच खाली गेलो, बुंधा सरळच. सहा इंच, सरळ. साल आता ओलसर आणि काळी, नखानं दाबली की दबणारी. आठव्या इंचाला खुरपी कशात तरी अडकली. ताईंनी दोन बोटांनी चिमटीत धरून ओढलं, तर काळं प्लास्टिक. नर्सरीची पिशवी. बारा वर्षांनंतर नवीकोरी म्हणावी अशी, तळाशी पाण्यासाठी पाडलेली गोल भोकं जशीच्या तशी.

पिशवीच्या आत मुळं गोल गोल फिरली होती, डब्यात कोंबलेल्या दोरीसारखी. त्यातलं एक, माझ्या मनगटाएवढं जाड, बुंध्याला पूर्ण वेढा घालून त्यातच रुतलं होतं. दोन्हीही जाड होत गेली आणि एकमेकांना आवळत गेली. झाड स्वतःच्याच मुळानं स्वतःचा गळा धरून उभं होतं. ब्रशनं माती झाडली तेव्हा वेढ्याच्या वरच्या बाजूला बुंधा फुगलेला दिसला, करकोचा पडलेल्या बोटासारखा.

कोणी काही बोललं नाही. एका नवीन मुलीनं फोटो काढला. मग तिनंच विचारलं, अगदी भाबडेपणानं, "हे कोणी डिझाइन केलंय?"

"मी," मी म्हटलं. आयोजकांना माहीत होतं, तिला नव्हतं.

ताईंनी वर बघितलं. "ड्रॉइंग आहे?"

फोनवर होतं. आता ते ड्रॉइंग कसलं, तेही सांगते. झाड लावायच्या खड्ड्याचं डिटेल, एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटर, आत गोड माती, म्हणजे बागेची चांगली माती, आणि शेणखत. हे डिटेल मी मास्टर्सनंतरच्या माझ्या पहिल्या नोकरीतून आणलं. तिथं ते कोणा आधीच्या माणसानं कुठून तरी आणलं होतं. ऑटोकॅडची, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधली, ती फाइल मी प्रत्येक कामात चिकटवत आले, नुसतं कामाचं नाव आणि तारीख बदलून. ताईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मीटरभर खोल कशाला गं? मुळाचा गोळा तर सव्वा फुटाचा. खालच्या दोन फुटांत तू भुसभुशीत माती भरलीस, ती पहिल्याच पावसाळ्यात बसली, की झाडही तिच्याबरोबर खाली गेलं. मग माळ्यानं काय केलं असेल? खड्डा दिसतोय म्हणून वरून माती टाकली. चांगलंच केलं त्यानं, त्याच्या हिशेबानं."

आणि जमीन आमची काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून चिकटा. जेसीबीच्या बादलीनं तिच्यात खड्डा काढला की भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. ताईंनी रांगेच्या कडेला फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं काठोकाठ भरायला लावला आणि म्हणाल्या, उद्या सकाळी या. दुसऱ्या दिवशी साडेआठला बघितलं, तर पाणी जेमतेम चार बोटं उतरलेलं. म्हणजे माझे खड्डे पावसाळाभर हौद होते.

पिशवीचं काय? ड्रॉइंगवर टीप होती. सगळ्यात खाली, अकरा नंबरची, इंग्रजीत, दोन मिलिमीटरच्या अक्षरांत: लावण्यापूर्वी पिशवी काढावी. ठेकेदाराची माणसं छोटा उदेपूरकडची, राठवी आणि गुजराती बोलणारी. दिवसात चाळीस झाडं लावायची तर पिशवी फाडत कोण बसतो! शिवाय पिशवी काढली की गोळा फुटतो, झाड मरतं, आणि मेलेलं झाड ठेकेदाराला वर्षभरात स्वखर्चानं बदलून द्यावं लागतं. करारात मीच घातलेली अट. पिशवीसकट लावलेलं झाड वर्षभर मजेत जगतं. बिलाच्या वेळी मी काय मोजलं? नग अडतीस, उंची आठ फूट, बुंध्याचा घेर चार इंच. बरोबर भरलं, सही केली.

आम्ही लोक झाडं लावतो, वर्षभरानं हस्तांतरण करतो, फोटो काढतो आणि जातो. चूक दिसायला दहा वर्षं लागतात. तोपर्यंत आमची फी खर्च होऊन गेलेली असते. इमारत गळली तर मालक आर्किटेक्टच्या नावानं शंख करतो. झाड वाढलं नाही तर माळ्याच्या.

हे मी असंच म्हणत नाही. काका तोवर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते, हात मागे बांधून. हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर म्हणाला होतात, माळी पाणी देत नाही."

म्हणाले होते. नुसती म्हणाले नव्हते, 2017 मध्ये ई-मेल लिहिला होता. 'देखभालीतील हलगर्जीपणा' असा शब्द त्यात होता. सोसायटीनं तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला आणि पुढच्या महिन्यापासून माळी बदलला. तो माणूस मला आठवतो. उंच, कानात बाळी, मला "बेन" म्हणायचा. मी भेटीला गेले की प्रत्येक वेळी एकच सांगायचा, "पाणी पीतुं नथी, बेन." झाड पाणी पीत नाही. मी त्याचा अर्थ, कामचुकार माणसाची सबब, असा घेतला होता.

"त्याचा नंबर आहे का?" मी काकांना विचारलं. त्यांनी डायरी आणून शोधून दिला. संध्याकाळी लावला, बंद. आठवडाभर लावत राहिले. मग एकदा कोणी दुसऱ्याच बाईनं उचलला.

दुसऱ्या दिवशीचं सत्र दुरुस्तीचं होतं. झाड बुंध्याच्या पसाऱ्यापर्यंत उघडं करायचं आणि उघडंच ठेवायचं. दिसेल तेवढी पिशवी काढायची. आवळणारी मुळं पटाशीनं, एका वेळी एक-दोनच तोडायची, कारण झाड त्यांच्यावरच जगत असतं. जे बुंध्यात पार रुतलंय ते ओढून काढायचं नाही, दोन्ही बाजूंनी तोडून तिथंच सोडायचं. नवीन झाडाचा खड्डा गोळ्याच्या उंचीएवढाच खोल, रुंदी मात्र दुप्पट-तिप्पट, भिंती पहारेनं खडबडीत केलेल्या, आणि बुंध्याचा पसारा जमिनीच्या किंचित वरच. पालापाचोळ्याचं आच्छादन हवं, पण बुंध्याला टेकवून नाही. ताई सांगत होत्या आणि मी, वीस वर्षं या धंद्यात मुरलेली बाई, पहिल्या बाकावर बसून आकृत्या काढत होते.

संध्याकाळी ऑफिसात जुन्या फोल्डरांमध्ये ती डिटेलची फाइल शोधली. 41 कामांत सापडली. चार कामं करजणकडची, दोन हालोलला, बाकी शहरातली. त्यातल्या दोन शाळा आहेत. शाळांतले गुलमोहर आधी बघायचे, असं कागदावर लिहून भिंतीला लावलं, आणि मग फाइल दुरुस्त केली. टीप आता पहिल्या नंबरला आहे, मोठ्या अक्षरांत, गुजरातीत, आणि सोबत फाडलेल्या पिशवीचं चित्र. बिलाच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: काढलेल्या रिकाम्या पिशव्या, नग. ठेकेदारानं तो वाचून फोन केला, "बेन, अब थेलियां भी गिनोगे?" म्हटलं, हो.

सोसायटीला मी पत्र लिहिलं. त्यात 2017 च्या ई-मेलचा उल्लेख केला आणि चूक कोणाची होती तेही. काकांनी तेही मीटिंगमध्ये वाचलं म्हणे. दुरुस्तीचे पैसे मी घेणार नव्हतेच, पण एकानं उठून नुकसानभरपाईचं विचारलं. रास्तच आहे. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

आता रविवारी सकाळी तिथं जाते. एका झाडाला दोन तास लागतात. सोसायटीतली दोन पोरं घमेलं धरायला येतात, त्यांना पिशव्या बाहेर ओढायला फार आवडतं. आतापर्यंत चौदा उघडल्या. अकरांत पिशवी निघाली, तिघींत नव्हती. म्हणजे त्या दिवशी कोणीतरी, काही वेळ तरी, पिशव्या फाडत होतं. सातवीचे दोन वेढे तोडलेत, तिसऱ्याला पावसाळ्यापर्यंत हात लावू नका म्हणून ताईंनी फोनवर बजावलंय. पंधरावीच्या आळ्यात कोणीतरी तुळस लावलीय, तिचं काय करायचं ते घरमालकिणीला विचारायला हवं.